जमीन विकू नका, पत्र लिहा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दहावीच्या २००५ च्या तुकडीतर्फे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘परदेशातील विज्ञान संस्थांमध्ये शिक्षण आणि संशोधनाच्या संधी’. सोबत सूचनाही दिली आहे, की वेळेत आटप, जेवणं थांबलीत. म्हणून इकडचं-तिकडचं न बोलता मुद्द्यावर येतो. आज मी प्रामुख्याने सतरंजीवरच्या मुलांशी बोलणार आहे. खुर्च्यांवर बसलेल्यांनी मधूनमधून ऐकलं तरी चालेल, पण शेवटी त्यांच्याकडे माझं एक काम आहे.

आधी माझी चूक सांगतो. २०१२ साली मी भूशास्त्रात एम.एस्सी. झालो होतो आणि एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. पगार कधी यायचा, कधी नाही. तेव्हाच्या औरंगाबादमध्ये परदेशी शिक्षणाचा सल्ला देणारं एक कार्यालय होतं. नाव घेत नाही. काचेचं दार, भिंतीवर घड्याळं, लंडन-न्यूयॉर्कची वेळ दाखवणारी. तिथे मी साठ हजार रुपये भरले. दोन महिन्यांनी मला एका परदेशी कॉलेजचं प्रवेशपत्र मिळालं. विषय भूशास्त्र नव्हता, ‘व्यवस्थापन’ असं काहीतरी होतं. एक वर्षाचा खर्च अठरा लाख. मी पत्र घेऊन गावी गेलो. आबांनी ते उलटंसुलटं पाहिलं, इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मला म्हणाले, “दोन एकर काढू.”

त्या वर्षी पाऊस पडला नाही. २०१२-१३ चा तो दुष्काळ जालना जिल्ह्यात कुणालाही सांगावा लागत नाही. विहिरी आटल्या, टँकर सुरू झाले, मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. आमचीही वाळली. आबांनी स्वतः कुऱ्हाड चालवली आणि झाडं सरपणाला गेली. अशा वर्षी कोरडवाहू दोन एकरांना गिऱ्हाईक कुठून येणार? जमीन विकली गेली नाही. दुष्काळाने आमचं खूप काही नेलं, पण ते दोन एकर मात्र त्याच्यामुळेच राहिले.

आता चांगली गोष्ट. आमच्या गावाजवळ एक पाझर तलाव आहे, बहात्तरच्या दुष्काळातला. माझ्या आजीने त्याच्या कामावर डोक्यावरून माती वाहिली होती. २०१३ च्या उन्हाळ्यात तो पूर्ण कोरडा पडला आणि गाळ काढायला जेसीबी आला. त्याने गाळात उभा काप घेतला आणि मला भिंतीसारखा चाळीस वर्षांचा गाळ समोर दिसला. काळे जाड पट्टे, मध्ये बारीक भुरकट पट्टे. काही ठिकाणी भेगा पडलेल्या आणि त्या भेगांत नंतर वाळू भरलेली. म्हणजे त्या वेळी तलाव आटला होता, चिखल तडकला होता, आणि पुढच्या पावसाने भेग बुजवली होती. मी घरून टेप आणला आणि दोन दिवस उन्हात बसून पट्टे मोजले. आलेखाच्या कागदावर चित्र काढलं. कशासाठी काढतोय ते माहीत नव्हतं. मुकादम मला म्हणाला, सर, बाजूला व्हा.

तुम्ही सगळे लोणारला सहलीला गेला आहात. मंठ्याहून एसटीने तास-दीड तास लागतो. मीही आठवीत गेलो होतो. सरांनी तेव्हा सांगितलं होतं, की आकाशातून पडलेल्या दगडाने काळ्या पाषाणात केलेलं हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आहे आणि त्यासाठी जगभरातले शास्त्रज्ञ इथे येतात. आम्ही माकडांना शेंगदाणे टाकत होतो.

२०१४ साली माझ्या वाचनात एक शोधनिबंध आला. जर्मनीत पॉट्सडॅम नावाच्या शहरात भूविज्ञानाची मोठी संशोधन संस्था आहे. तिथल्या आणि इतर काही संस्थांच्या शास्त्रज्ञांनी २००८ साली लोणार सरोवराच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा नमुना नळीत काढून नेला होता. त्या दहा मीटरमध्ये गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांचा पावसाळा होता. सरोवर फार आटलं की पाणी अतिखारट होतं आणि गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक तयार होतात. ते स्फटिक ज्या थरात सापडले, तो कोरड्या काळाचा थर. त्यावरून त्यांनी दोन दीर्घ दुष्काळी कालखंड ओळखले. त्यातला एक साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, म्हणजे सातशे वर्षांचा.

मी तो निबंध तीन वेळा वाचला. माझ्या पेटीत आलेखाच्या कागदावर जे चित्र पडलं होतं तेच काम हे लोक करत होते, आणि तेही माझ्या शेजारच्या तालुक्यातल्या गाळावर. मी परदेशाची दारं शोधत काचेच्या कार्यालयात गेलो होतो. खरं दार आमच्या पाझर तलावात उघडं होतं.

तरी पहिला प्रयत्न मी चुकीचाच केला. इंटरनेटवरून पत्ते काढून एकेचाळीस प्राध्यापकांना एकच ईमेल पाठवला. ‘आदरणीय सर, मी कष्टाळू आणि होतकरू विद्यार्थी आहे, आपल्या नामांकित संस्थेत मला संधी द्यावी.’ त्यात दोन ठिकाणी आधीच्या प्राध्यापकाचं नाव तसंच राहिलं होतं. उत्तर एकाचंही आलं नाही. बरोबरच आहे. असे अर्ज त्यांना रोज येतात, आणि त्यात पाठवणाऱ्याचं काहीच नसतं.

मग एकच पत्र लिहिलं. जर्मनीतल्याच दुसऱ्या एका विद्यापीठात तलावांच्या गाळावर काम करणाऱ्या एका प्राध्यापिकांना. लिहायला तीन आठवडे लागले. आधी त्यांचे दोन निबंध वाचले. पत्रात सांगितलं, की आमच्याकडे १९७२ साली बांधलेला तलाव आहे, त्याचा काप मी मोजला आहे, चित्र सोबत जोडलं आहे. तुमच्या निबंधात तुम्ही थर आणि वर्षं यांचा मेळ घातला आहे. आमच्या तलावात तो मेळ का बसत नाही? माझं इंग्रजी मराठी माध्यमाचं, वाक्यं चार-चार शब्दांची. एकूण पंधरा ओळी.

नवव्या दिवशी उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं, की थर म्हणजे वर्ष असं धरू नका, एका मोठ्या पुरातही दोन थर बसू शकतात. माझ्याकडे सध्या जागा नाही, पण एका सहकाऱ्याच्या प्रकल्पात डॉक्टरेटची जागा निघणार आहे, जाहिरात आली की अर्ज करा, तुमचं चित्र मी त्यांना दाखवलं आहे. अर्ज केला, स्काइपवर मुलाखत झाली. मधेच वीज गेली, मोबाइलवरून पूर्ण केली. २०१५ च्या ऑक्टोबरात मी गेलो. आबांना सांगितलं की मला तिथे शिकण्याचा पगार मिळणार आहे. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “गाळ वाचायचा पगार देतेत का रे?”

मुलांनो, देतेत. आणि आजचा माझा पहिला मुद्दा हाच आहे. विज्ञानात डॉक्टरेट करायला जमीन विकायची नसते. जर्मनी, नेदरलँड्स, नॉर्वे, स्वीडन इथे डॉक्टरेटची जागा बहुधा नोकरीसारखी असते. जाहिरात निघते, मुलाखत होते, करार होतो. माझा करार ६५ टक्के पदाचा होता. त्यात माझं भागलं आणि गावी थोडे पैसेही आले. अमेरिकेत चांगल्या विद्यापीठांत विज्ञानाच्या डॉक्टरेटला घेतात तेव्हा बहुतेक वेळा शुल्क माफ असतं आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचा मोबदला मिळतो. जपान सरकारची ‘मेक्स्ट’ शिष्यवृत्ती शुल्क, दरमहा निर्वाह आणि विमानभाडं देते. कुणी तुम्हाला सांगितलं की डॉक्टरेटसाठी वीस लाख लागतील, तर त्या माणसाचा नमस्कार घेऊन उठा.

एम.एस्सी.चं गणित वेगळं आहे. तिथे पैसे लागू शकतात, म्हणून नीट वाचा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो आहे. शुल्क नसलं तरी व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम बँकेत अडकवून दाखवावी लागते. २०२४ मध्ये ती ११,९०४ युरो झाली. ते पैसे आपलेच असतात, दर महिन्याला आपल्याला परत मिळतात, पण आधी उभे करावे लागतात. युरोपातल्या अनेक विद्यापीठांचे मिळून चालणारे ‘इरॅस्मस मुंडस’ अभ्यासक्रम आहेत. त्यांची शिष्यवृत्ती मिळाली तर शुल्क भरावं लागत नाही आणि महिना १,४०० युरो मिळतात. त्याचे अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत निघतात.

दुसरा मुद्दा. परदेशाच्या आधी देशातली पायरी चढा. बी.एस्सी.ला असताना बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादम्यांची मिळून एक उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती असते. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला मिळतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आयुकात उन्हाळी कार्यक्रम असतात. बारावीच्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलात आणि मूलभूत विज्ञान घेतलंत, तर केंद्राच्या ‘इन्स्पायर’ योजनेत वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत मिळू शकतात. हे मला बी.एस्सी. झाल्यावर तीन वर्षांनी कळलं. आपल्या भागात मुलं कमी पडत नाहीत, बातमी उशिरा पोचते.

आणि आता बातमी आपल्या दारातही आहे. बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र तुरीच्या वाणांवर काम करतं. तुमच्या शेतातली बीडीएन-७११ तिथलीच. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची शाखा आपल्या जालन्यात आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा उभी राहायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजा असतील. अशीच यंत्रणा अमेरिकेत दोन ठिकाणी आहे. २०१५ साली तिने पहिली लहर टिपली आणि २०१७ साली त्या कामाला नोबेल मिळालं. तिच्या उन्हाळी प्रशिक्षणाला भारतातून बी.एस्सी., बी.टेक.ची मुलं अमेरिकेत कॅलटेकला जातात. त्यात मराठवाड्यातली मुलं जास्त दिसावीत, अशी माझी इच्छा आहे.

तिसरा मुद्दा सरकारी शिष्यवृत्त्यांचा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १२५ जणांना मिळते. त्यात अनुसूचित जातींबरोबर भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांनाही जागा आहेत. इतर प्रवर्गांसाठीही राज्याच्या वेगवेगळ्या योजना आहेत. उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या क्रमवारीची अट असते, आणि अटी बदलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका, त्या वर्षीची जाहिरात वाचा. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. आणि १९५० साली त्यांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढलं. शिष्यवृत्तीवर गेलेला माणूस परतून काय करू शकतो, ते आपल्यापासून फार लांब नाही.

आता कागदपत्रं. यात आपली मुलं फार अडकतात. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. तिकडच्या कार्यालयाला हे दोन माणसं वाटतात. पासपोर्ट काढतानाच स्पेलिंग गुणपत्रिकेप्रमाणे ठेवा. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट मिळायला वेळ लागतो, अर्ज आधी टाका. जर्मनीला शिकायला जायचं तर २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना पदव्यांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र लागतं, त्यालाही आठवडे जातात. थोडक्यात, ज्या महिन्यात जायचं त्याच्या दीड वर्ष आधी सुरुवात करा.

शिफारसपत्राचं तर विचारूच नका. आपले बरेच शिक्षक प्रेमाने म्हणतात, “तूच लिहून आण, मी सही करतो.” गुरुजनहो, राग मानू नका, पण असं पत्र तिकडे ओळखू येतं. मुलगा हुशार आहे हे सगळेच लिहितात. तुम्ही एवढंच लिहा, की या मुलीने प्रयोग फसल्यावर तो पुन्हा तीन वेळा केला, आणि मी ते पाहिलं. अशा दोन ओळींना किंमत आहे.

आणि नकाराचं काय? तो येणारच. आनंदीबाई जोशींची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण तिची सुरुवात एका नकारापासून आहे. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते. पत्नीला अमेरिकेत शिकता यावं म्हणून त्यांनी एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं. त्याने मदत केली नाही, पण ते पत्र आपल्या मासिकात छापलं. तिकडे न्यू जर्सीतल्या कार्पेंटर नावाच्या बाईंनी दातांच्या डॉक्टरकडे बसल्या-बसल्या ते वाचलं आणि आपणहून आनंदीबाईंना पत्र लिहिलं. १८८३ साली आनंदीबाई निघाल्या तेव्हा उतरायला त्या बाईंचं घर होतं. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. ज्याला पत्र लिहिलं त्याने नाकारलं, आणि ज्यांना लिहिलंच नव्हतं त्यांनी उत्तर दिलं. माझंही थोडंफार तसंच झालं.

एक गोष्ट लपवणार नाही. तिकडे सगळं गोड नसतं. पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडायचा आणि मी खोलीत बसून रडलो आहे. माझा पहिला वर्षभराचा प्रयोग वाया गेला. आजी गेली तेव्हा मी पोचू शकलो नाही. तिने माती वाहिलेल्या तलावावर मी प्रबंधात एक प्रकरण लिहिलं, पण ते तिला दाखवायचं राहून गेलं. जाणाऱ्याने हे धरून चालावं. २०२० साली मी परत आलो. आज पुण्यात गाळाचंच काम करतो. माझ्याबरोबरचे काही तिकडेच राहिले, त्यांचंही चूक नाही.

आता खुर्च्यांवर बसलेल्या मंडळींकडे माझं काम. आयईएलटीएस परीक्षा एकदा द्यायची तर अठरा हजारांच्या आसपास लागतात. मोसंबीला भाव नसेल त्या वर्षी ते किती कॅरेट होतात, हे तुम्हाला कळतं. परीक्षेचं आणि अर्जाचं शुल्क नसल्यामुळे आपल्या शाळेतलं एकही लेकरू थांबू नये. त्यासाठी आपण माजी विद्यार्थ्यांनी एक छोटा निधी करावा. माझ्याकडून साठ हजार रुपये आज देतो. तेवढेच, जेवढे मी त्या काचेच्या दारात घालवले होते. दुसरं, महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी मी मोबाइलवर दोन तास मोकळा असेन. कुणीही आपलं पत्र, अर्ज, आराखडा मला वाचून दाखवावा. तुमच्यातल्या डॉक्टर, अभियंता, शिक्षक, कृषी अधिकारी असलेल्यांनी एकेक रविवार घेतला, तर मुलांना आठवड्याला माणूस मिळेल.

आणि मुलांनो, तुम्हाला गृहपाठ. दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या शिवारातली एक गोष्ट मोजा. विहिरीची पातळी, कपाशीवरची अळी, नाल्याचं पाणी, काहीही. तारीख घालून वहीत लिहा. त्यातून जो प्रश्न पडेल, त्याच्यासाठी जगात कुठेतरी कुणीतरी प्रयोगशाळा उघडून बसलेलं आहे. त्यांना शोधायला मी तुमच्याबरोबर बसेन.

आबा आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. दोन एकर अजून आमच्याच नावावर आहेत, आणि त्यात पुन्हा मोसंबी लावली आहे. जेवणानंतर टोपलीतली मोसंबी जरूर घ्या, घरची आहेत.